ऱ्होनकाठची सुगंधी वेल

फ्रान्समधील लियों नगरापासून दक्षिणेकडे निघालेली ऱ्होन नदी व्हिएन या प्राचीन रोमन नगरीला डाव्या तीरावर ठेवून पुढे जाते, काही मैल नैर्ऋत्येकडे सरकते आणि काँद्रियू नावाच्या लहानशा गावापाशी पुन्हा दक्षिणाभिमुख होते. या वळणामुळे तिच्या उजव्या तीरावरील, पिला पर्वताकडे चढत जाणाऱ्या उतरणीवर सूर्याची कृपा भरपूर असते, आणि उत्तरेकडून येणारा बोचरा वाराही तिच्या घळींत काहीसा अडतो. ग्रॅनाइटचा खडक शतकानुशतके झिजून झालेला, अभ्रकाचे कण चमकविणारा, आपल्याकडील मुरुमाच्या जातीचा भुसभुशीत थर या उतरणीवर पसरलेला असून त्याला तेथील शेतकरी ‘आर्झेल’ म्हणतात. या थरात पाणी टिकत नाही, खत टिकत नाही, आणि जोराच्या पावसानंतर तो स्वतःही टिकत नाही. अशा या अस्थिर भूमीत व्हियोन्ये नावाची श्वेत द्राक्षाची एक वेल पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली. तिच्या रसापासून होणाऱ्या वाइनचा परिमळ एकदा अनुभवलेल्या माणसाला त्याची ओळख पुन्हा पटवून द्यावी लागत नाही.

हा परिमळ पिकलेल्या जर्दाळूचा आणि पीच फळाचा. त्यामागून हनीसकल व व्हायोलेट या फुलांचा मंद दरवळ येतो. मस्कत द्राक्षाच्या गंधाशी त्याचे दूरचे साम्य आहे. दोन्हींच्या मुळाशी टर्पीन वर्गातील सुवासिक द्रव्ये असतात, आणि लिनालूल हे त्यांतील प्रमुख होय. परंतु मस्कताचा मणी तोंडात टाकताच त्याचा सुवास उघड होतो, तसे व्हियोन्येचे नाही. ही द्रव्ये द्राक्षात बऱ्याच अंशी शर्करेशी बांधलेल्या अवस्थेत असतात, आणि फळ पूर्णपणे पक्व होईपर्यंत त्यांचा साठा पुरेसा होत नाही. म्हणून व्हियोन्ये कच्ची काढली तर तिची वाइन निर्गंध आणि पाणचट होते. थोडी थांबून काढावी म्हटले तर फळात साखर झपाट्याने चढते, आम्लता तितक्याच वेगाने उतरते, आणि जड, मद्यार्काने जळजळणारी, चैतन्यहीन वाइन पदरी पडते. या दोन टोकांच्या मध्ये काढणीला योग्य असे मोजकेच दिवस असतात. ते ओळखण्यासाठी रसाची गोडी मोजणारे यंत्र उपयोगी पडते हे खरे. पण मण्याची साल अंबरासारखी पिवळी पडली की नाही, बी तपकिरी झाले की नाही, हे पाहत बागेतून रोज फिरणारा माणूस असल्यावाचून भागत नाही.

वेलीचा स्वभावही सरळ नाही. तिचा डोळा वसंताच्या आरंभीच फुटतो, म्हणून उशिराच्या हिमाचा तडाखा तिला हमखास बसतो. फुलोऱ्याच्या वेळी हवा थंड वा पावसाळी झाली की फुलगळ होऊन घड विरळ राहतात, आणि भुरी रोगाला ती सहज बळी पडते. घड लहान, मणी लहान, उत्पन्न अल्प. जिचे पीक एका वर्षी समाधानकारक येते आणि पुढल्या वर्षी निम्म्यावर येते अशा वेलीवर कुटुंब पोसणे किती कठीण, हे नाशिककडील द्राक्षबागाईतदाराला निराळे सांगावयास नको.

या वेलीच्या इतिहासाकडे पाहताना मला सतत जाणवत आले आहे की, तो रसिकांच्या आवडीनिवडीचा इतिहास फार थोडा, आणि भिंतींचा, मजुरीचा व नदीवरील वाहतुकीचा इतिहास फार मोठा आहे. सुगंध शतकानुशतके तोच राहिला. त्याला उचलून धरणारे हात मात्र कमी-अधिक होत गेले.

उत्पत्तीविषयी एक कथा या प्रदेशात मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. इ. स. ९२ च्या सुमारास रोमन सम्राट डोमिशियन याने प्रांतांतील निम्म्या द्राक्षवेली उपटून टाकण्याचे फर्मान काढले. पुढे इ. स. २८० च्या सुमारास सम्राट प्रोबस याने ते रद्द केले, इतकेच नव्हे तर डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरून व्हियोन्येच्या काड्या आणवून काँद्रियूच्या उतारावर लावविल्या, असे ही कथा सांगते. दोन सम्राट, एक विध्वंसक आणि एक उद्धारक, अशी तिची रचना असल्यामुळे ती लोकस्मरणात रुजली यात नवल नाही. डोमिशियनचा हुकूम आणि प्रोबसची सवलत यांचे उल्लेख प्राचीन लेखकांत सापडतात. परंतु डाल्मेशियाहून आलेल्या काड्यांना कोणत्याही समकालीन दस्तऐवजाचा आधार नाही.

व्हिएनच्या परिसरात रोमन काळी द्राक्षमळे बहरलेले होते, याविषयी मात्र संशयाला जागा नाही. पहिल्या शतकातील प्लिनीने या भागातील आलोब्रोज जमातीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, थंडीत पिकणाऱ्या काळ्या द्राक्षाची नोंद केली आहे, आणि येथील राळेच्या वासाची वाइन रोममध्येही प्रसिद्ध होती. व्हिएनच्या समोरच्या तीरावर सँ रोमाँ आँ गाल येथे सापडलेल्या रोमन कुट्टिमचित्रात वर्षभराची शेतीची कामे ऋतुवार चितारलेली आहेत. त्यांत वाइन साठविण्याच्या रांजणांना आतून राळ लावणारी माणसे दिसतात. तथापि प्लिनीने वर्णिलेले द्राक्ष काळे आहे, आणि व्हियोन्ये या नावाचा लेखी उल्लेख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी आढळत नाही. मधल्या पंधराशे वर्षांत ही वेल कोणत्या नावाने, कोणाच्या वावरात उभी होती, याविषयी दफ्तरे मौन धरून आहेत.

जेथे दफ्तरे मूक झाली तेथे अलीकडच्या काळात आनुवंशिक परीक्षणाने थोडेसे बोलावयास प्रारंभ केला. या परीक्षणांनी व्हियोन्येचे नाते डाल्मेशियाशी जोडले नाही. ते आल्प्सच्या दोन्ही बाजूंशी जोडले. सावोय प्रांतातील माँदझ ब्लाँश या श्वेत द्राक्षाशी तिचे जनक-अपत्याचे नाते आहे, आणि इटलीच्या पिएमोंते प्रांतातील फ्रेझा व नेब्बिओलो यांच्याशी तिचे सोयरपण दिसून येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ऱ्होन खोऱ्याची सर्वांत कीर्तिमान काळी वेल जी सिरा, तिची एक जनक हीच माँदझ ब्लाँश होय. म्हणजे काँद्रियूची पांढरी व्हियोन्ये आणि तिला लागूनच उत्तरेस असलेल्या कोत रोतीच्या उतारावरील काळी सिरा या एका घराण्यातल्या ठरतात. कोत रोतीचे शेतकरी फार पूर्वीपासून सिराच्या ओळींत मधूनमधून व्हियोन्येची वेल लावीत आणि दोन्हींची फळे एकत्रच आंबवीत. आजही तेथील नियम शेकडा २० पर्यंत व्हियोन्ये मिसळण्याची मुभा देतो, मात्र ती किण्वनाच्या वेळीच मिसळली पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक शेतकरी याच्या एका अंशावरच थांबतात. या मिश्रणाने काळ्या वाइनला फुलांचा वास येतो, आणि पांढरे द्राक्ष घातल्यावर रंग फिका होण्याऐवजी अधिक पक्का बसतो. रसायनशास्त्राला याचे कारण पुढे सापडले; शेतकऱ्याने ती वहिवाट डोळ्यांनी पाहूनच पाडली होती.

काँद्रियू हे गाव द्राक्षांइतकेच नावाड्यांचे होते. लोहमार्ग येण्यापूर्वी ऱ्होन हाच लियों आणि भूमध्य समुद्र यांच्यामधला राजमार्ग होता. प्रवाहाबरोबर खाली जाताना नावा वेगाने वाहत. परत येताना मात्र एकामागे एक बांधलेल्या अवजड नावांचा तांडा काठाने चालणाऱ्या घोड्यांच्या पथकांकरवी उलट प्रवाहात ओढून आणावा लागे, आणि त्यात आठवडेच्या आठवडे जात. या कामात काँद्रियूच्या नावाड्यांची बरोबरी करणारे त्या नदीवर थोडेच होते. प्रोव्हान्सचा कवी फ्रेदेरिक मिस्त्राल, ज्याला १९०४ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला, त्याने १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऱ्होनविषयक दीर्घकाव्यात नावांच्या तांड्याचा जो वृद्ध नायक रंगविला आहे तो याच गावचा, आणि वाफेच्या बोटीशी टक्कर होऊन त्याचा तांडा नष्ट होतो. एका संपूर्ण व्यवसायाचा अंत इतक्या ममतेने क्वचितच कोणी लिहून ठेवला असेल.

काँद्रियूची वाइन याच नावांतून बाहेर पडे. त्या काळी ती आजच्यासारखी कोरडी नव्हती. उशिरा पिकणाऱ्या, साखरेने भरलेल्या फळाचा रस पिंपांत आंबत असतानाच हिवाळ्याची थंडी तळघरात उतरे, किण्व निद्रिस्त होत, आणि काही गोडी शिल्लक राहिलेली वाइन तशीच विकली जाई. वसंतात उष्णता वाढताच किण्व पुन्हा जागे होत, आणि दूरच्या प्रवासात या वाइनची अवस्था काय होई ते सांगता येत नसे. त्यामुळे जवळपासची नगरे हीच तिची खरी पेठ राहिली. तरीही तिचा लौकिक बाहेर पोहोचला होता. १७८७ च्या मार्च महिन्यात अमेरिकेचा फ्रान्समधील वकील थॉमस जेफरसन, जो पुढे त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, या मार्गाने दक्षिणेकडे गेला. त्याने आपल्या प्रवासाच्या टिपणांत या भागातील श्वेत वाइनमध्ये शातो ग्रियेची वाइन उत्तम असे नमूद केले आणि त्या मळ्याच्या विधवा मालकिणीचे नावही लिहून ठेवले. शेताची मोजणी, वेलींमधील अंतर, वाइनचा दर असा तपशील टिपून घेणारा हा मुत्सद्दी मला फार जवळचा वाटतो; इतिहासाला अशा माणसांचीच गरज असते.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात वाफेच्या बोटी आल्या, १८५० च्या दशकात लोहमार्ग आला, आणि काँद्रियूच्या नावाड्यांचा धंदा बसला. त्याच सुमारास अमेरिकेतून आलेल्या भुरीने फ्रान्सभर द्राक्षमळ्यांची राख केली. गंधकाची भुकटी हा तिच्यावरील उतारा सापडतो न सापडतो तोच १८६० च्या दशकात मुळांतील रस शोषून वेल मारणारा फायलोक्सेरा हा अमेरिकी कीटक ऱ्होनच्या दक्षिण खोऱ्यात प्रकट झाला आणि वर सरकू लागला. अमेरिकी जातीच्या खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधणे हा अखेरीस त्यावरचा उपाय ठरला. सपाट जमिनीच्या मालकाला हा खर्च झेपला. काँद्रियूच्या उतारावर मात्र जुनी वेल खणून काढणे, नवा खुंट लावणे आणि फळासाठी वर्षानुवर्षे थांबणे याचा हिशेब जमेना, आणि पुष्कळ वाफे तसेच पडीक राहिले.

वाफे हा शब्द मी सवयीने वापरला. प्रत्यक्षात त्या डोंगरात कोरलेल्या अरुंद पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी चुन्यावाचून रचलेल्या दगडी गडग्याने तोललेली असते, आणि कित्येक ठिकाणी एका पायरीवर वेलींच्या दोन-चार ओळींपेक्षा अधिक काही मावत नाही. चढ इतका उभा की नांगर चालत नाही, घोडा उभा राहत नाही. छाटणी, बांधणी, खुरपणी, फवारणी, काढणी हे सर्व हातांनी करावे लागते, आणि प्रत्येक वेल वाऱ्यात तग धरावी म्हणून लाकडी मेढींना बांधलेली असते. वादळी पावसाने मुरूम खाली वाहून आला की तो पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर वाहून न्यावा लागे. गडग्याचा एक दगड निखळला आणि तो वेळीच बसविला नाही, तर पुढील पावसाळ्यात हातभर भिंत फुगते, त्यापुढील पावसाळ्यात ती कोसळते, आणि तिच्या आधाराने उभी असलेली वरची पायरीही तिच्यामागून जाते. म्हणून या उतारावर एखाद्या घरातील दोन धडधाकट पुरुष कमी झाले तर त्याचा परिणाम त्या घरापुरता राहत नसे. शेजाऱ्याच्या वेलीही त्यामुळे धोक्यात येत.

आणि १९१४ साली ही माणसे कमी होऊ लागली. पहिल्या महायुद्धाने फ्रान्सच्या खेड्यांतील तरुण पिढी कापून काढली. जे परतले त्यांना डोंगरावर टोपल्या वाहण्यापेक्षा निश्चित पगाराची नोकरी अधिक प्रिय वाटली तर त्यांना दोष कोण देईल? १९१५ मध्ये, युद्धासाठी स्फोटकांचा कच्चा माल हवा म्हणून, नदीच्या पलीकडच्या तीरावर थोडे खाली रुसियों येथे रासायनिक कारखाना उभा राहिला होता, आणि लियोंच्या दक्षिणेचा सारा काठ हळूहळू कारखान्यांनी व्यापला. ज्यांनी शेती सोडली नाही त्यांनीही पुष्कळदा वेल सोडली आणि जर्दाळूची झाडे व भाजीपाला लावला, कारण त्यांचे पैसे त्याच वर्षी हाती येत.

विरोधाभास असा की, ज्या दशकांत वेली मरत होत्या त्याच दशकांत सरकारदरबारी त्यांचा मान वाढत होता. सुमारे साडेतीन हेक्टरांचा, अर्धवर्तुळाकार उतारावर वसलेला, एकाच मालकाच्या ताब्यातील शातो ग्रिये हा मळा १९३६ मध्ये स्वतंत्र उत्पत्तिस्थान म्हणून मान्य झाला. १९४० मध्ये काँद्रियूलाही चतुःसीमा ठरवून तशीच सनद मिळाली. काँद्रियू, व्हेरँ आणि सँ मिशेल ही तीन गावे, आणि व्हियोन्ये ही एकमेव जात. व्हिएनमध्ये फेर्नाँ प्वाँ हा त्या युगाचा थोर पाकनिपुण आपल्या भोजनगृहात ही वाइन आलेल्या पाहुण्यांसमोर ठेवीत असे, आणि क्यूर्नोन्स्की या खाद्यलेखकाने शातो ग्रियेची गणना फ्रान्सच्या पाच सर्वश्रेष्ठ श्वेत वाइनमध्ये केली. परंतु सनदेने गडगा बांधला जात नाही. १९६० च्या दशकापर्यंत काँद्रियूच्या हद्दीत इतक्या थोड्या वेली उरल्या की, त्या क्षेत्राचे निरनिराळे आकडे सांगितले जातात, आणि त्यांतील मोठ्यात मोठा आकडाही पंधरा हेक्टरांच्या आसपासच राहतो. त्या काळी जगात अन्यत्र व्हियोन्येचे नाव घेण्याजोगे क्षेत्र नव्हते. एक संपूर्ण जात एका गावच्या डोंगरउतारावर, मूठभर कुटुंबांच्या भरवशावर उभी होती.

या कुटुंबांपैकी व्हेर्ने घराण्याचे ऋण सर्वांत मोठे. जॉर्ज व्हेर्ने याने १९५३ मध्ये आपल्या वडिलांकडून मळा हाती घेतला तेव्हा काँद्रियूमध्ये द्राक्षे लावणे हा शहाणपणाचा मार्ग समजला जात नव्हता. शेजारी वेली काढीत असता त्याने पडीक पायऱ्या साफ केल्या, ढासळलेले गडगे उभे केले, आणि वडिलांनी कोतो द व्हेर्नों या उतारावर लावलेल्या जुन्या वेली जपल्या. पूर्वीची अनिश्चित गोडीची, प्रवासात बिघडणारी वाइन बाजूला सारून व्यवस्थित आंबविलेल्या कोरड्या वाइनचा त्याने आग्रह धरला, उत्पादकांच्या संघाचे नेतृत्व दीर्घकाळ केले, आणि तरुणांना काड्याही दिल्या व धीरही दिला. पुढे त्याची कन्या क्रिस्तीन हिने तो मळा चालविला. १९८० नंतर नवी पिढी उतारावर परतू लागली, आणि आज काँद्रियूची लागवड दोनशे हेक्टरांच्या आसपास आहे.

त्यानंतर या वेलीचा जगभर जो प्रसार झाला तो थोडक्यात सांगितला तरी चालेल. ऑस्ट्रेलियात यालुंबा या जुन्या संस्थेने १९८० मध्ये ईडन खोऱ्यात तिची लागवड केली. कॅलिफोर्नियात त्याच दशकात तिच्या काड्या रुजल्या. दक्षिण फ्रान्सच्या लाँगदोक प्रांतात ती हजारो हेक्टरांवर पसरली. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, जेथे जेफरसनने आपल्या माँटिसेलोच्या मळ्यात युरोपीय वेली लावण्याचे सारे प्रयत्न केले आणि ते सारे निष्फळ ठरले, तेथे १९९० च्या दशकात व्हियोन्येने चांगले मूळ धरले, आणि २०११ मध्ये त्या राज्याच्या वाइन व्यवसायाने तिलाच आपली प्रातिनिधिक जात म्हणून निवडले.

महाराष्ट्रातही ती आली आहे. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर नाशिक जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली, आणि त्यांत व्हियोन्येला स्थान मिळाले. काँद्रियूची वेल हिवाळाभर पाने गाळून झोपते. नाशिकची वेल झोपत नाही, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून बागाईतदार तिला कृत्रिम ऋतू देतो. फळ हिवाळ्याच्या थंड रात्रींत पोसले जाते आणि उन्हे तापू लागण्याच्या सुमारास काढले जाते. साखर चढण्याचा आणि आम्ल उतरण्याचा वेग येथे अधिकच तीव्र, म्हणून काढणीचा निर्णयही अधिक अवघड. तरी आपल्या वाइनच्या चर्चेत या जातीचे नाव फारसे ऐकू येत नाही, याची मला खंत वाटते. फुलांचा व जर्दाळूचा हा सौम्य सुवास आणि अल्प आम्लता आपल्या मसालेदार अन्नाला न दुखविणारी आहे. कोरड्या, आंबट वाइनपेक्षा मराठी जिभेला ती लवकर रुचेल असे माझे मत आहे.

काँद्रियूमध्ये मात्र चिंतेचा विषय आता बदलला आहे. गेल्या काही दशकांत उन्हाळे वाढत्या प्रमाणात तापू लागल्याने काढणी पूर्वीच्या मानाने लवकर येते, आणि ज्या दक्षिणाभिमुख उतारांवर पूर्वी फळ पिकेल की नाही याची धास्ती असे तेथेच ते अति पिकण्याची धास्ती आहे. काही उत्पादक मण्यांवर पानांची सावली अधिक राखतात, काही पहाटेच काढणी उरकतात, आणि काहींचे लक्ष आजवर दुर्लक्षिलेल्या, थंड व कमी उन्हाच्या घळींकडे गेले आहे. त्या घळींत जुन्या पायऱ्यांचे गडगे झुडपांखाली ढासळून पडलेले आहेत, आणि ते पुन्हा रचावयाचे तर कोरड्या दगडकामाची कला जाणणारे गवंडी हवेत.